कॅप्टन अमेरिका वाचायचाय? आधी दार निवडा

भाचा अकरावीत आहे. कॅप्टन अमेरिकाचे सगळे सिनेमे त्याला तोंडपाठ. दिवाळीत फराळाची ताटली मांडीवर घेऊन त्याने विचारलं, "मामा, आता कॉमिक्स वाचायला घेतो. पहिला अंक कुठला घेऊ?" प्रश्न सरळ, पण उत्तराची पंचाईत अशी की या गड्याचे 'अंक पहिला' म्हणून छापलेले अंकच ढीगभर आहेत. मार्व्हलवाले दर काही वर्षांनी आकडा पुन्हा एकवर आणतात. त्यात ऐंशीहून जास्त वर्षांचा माल. सगळा वाचायची गरज नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातला बराच वाचवतही नाही.

भाच्याला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो. माझा कल आधीच सांगून टाकतो. झेंड्याच्या रंगाचा पोशाख घातलेला हा माणूस जेव्हा जेव्हा सरकारच्या हो ला हो करत राहिला, तेव्हा तो कंटाळवाणा झाला. सरकारशी बिनसलं की त्याच्या गोष्टींना धार येते. तुम्हाला हे पटत नसेल तर माझा क्रम उलटा लावा.

१९४१ आणि १९६४ : दोन जन्म

पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ एकदा नीट बघा. कॅप्टन अमेरिकाची उजवी मूठ थेट हिटलरच्या जबड्यावर. भोवती नाझी शिपाई गोळ्या झाडतायत आणि एक गोळी ढालीवरून उडतेय. मागे पडद्यावर अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवण्याचं दृश्य चाललंय. अमेरिकेचा नकाशा आणि घातपाताच्या योजनेचे कागद तिथेच पडलेत. खाली कोपऱ्यातल्या गोलात त्याचा पोरगेला साथीदार बकी सलाम ठोकतोय. किंमत दहा सेंट.

अंकावर तारीख मार्च १९४१ ची असली तरी तो स्टॉलवर आला डिसेंबर १९४० मध्ये. पर्ल हार्बर त्यानंतर जवळजवळ एका वर्षाने. म्हणजे अमेरिकेने अजून युद्धात पाऊलही टाकलेलं नव्हतं, आणि 'आपल्याला काय त्याचं' म्हणणारे अमेरिकेत भरपूर होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकी नाझी समर्थकांची सुमारे वीस हजारांची सभा झाली होती. त्याच शहरात जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी हा ठोसा रंगवला. कर्बीचं खरं नाव जेकब कुर्टझबर्ग. तो लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीतला, गल्लीतल्या मारामाऱ्यांत वाढलेला. अंक दहा लाखांच्या आसपास खपला आणि धमक्याही आल्या. तेव्हा महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून संरक्षणाचा शब्द दिला, असं सायमनने पुढे सांगितलं. आज 'देशभक्त सुपरहिरो' म्हटलं की सरकारी भोंगा डोळ्यांसमोर येतो. पण हा हिरो सरकारच्या एक वर्ष पुढे होता.

झेंडा अंगावर घेणारा तो पहिलाही नव्हता. एमएलजे कंपनीचा 'द शील्ड' त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी १९४० च्या अंकात आला होता. त्याच्या छातीवरच ढालीसारखा आकार होता. त्या कंपनीने तक्रार केली म्हणून कॅप्टनची तिकोनी ढाल दुसऱ्याच अंकात गोल झाली. आणि या भानगडीतून त्याचं सगळ्यात मोठं हत्यार जन्माला आलं, कारण गोल ढाल फेकता येते. तिसऱ्या अंकात दोन पानांची एक मजकुरी गोष्ट आहे, तिच्यात तो ढाल पहिल्यांदा भिरकावतो. लिहिणारा होता कचेरीतला हरकाम्या पोरगा, पुढे मार्व्हलचा सगळ्यात नावाजलेला लेखक झालेला स्टॅन ली. ही त्याची छापून आलेली पहिली गोष्ट.

मग भाच्याने इथूनच सुरुवात करावी का? नको. चित्रांची ताकद बघायला एक-दोन अंक चाळावेत. कर्बीची माणसं चौकट फोडून पानाबाहेर उडी घेतात, ते बघून अजूनही मजा येते. पण गोष्टी कच्च्या आहेत. किडकिडीत स्टीव्ह रॉजर्सला सैन्याने नाकारलं, मग गुप्त औषध टोचून त्याला तगडा केला, तेवढ्यात हेराने शास्त्रज्ञाला गोळी घातली आणि औषधाचं गुपित त्याच्याबरोबर गेलं. हे सगळं आठ पानांत आटोपतं. पुढे युद्ध तापल्यावर जपानी माणसांची जी व्यंगचित्रं काढली आहेत ती बघून तोंड कडू होतं. तोवर सायमन-कर्बी जोडी दहा अंकांनंतर बाहेर पडली होती, कारण नफ्यातला ठरलेला वाटा मिळेना. कर्बी पुढे खरोखरच सैन्यात गेला आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला.

युद्ध संपलं तसा खप उतरला, आणि १९५० च्या सुमारास मासिक गुंडाळलं गेलं. १९५४ मध्ये त्याला 'कम्युनिस्टांचा कर्दनकाळ' म्हणून परत आणला. तीन अंकांत दुकान बंद. ते तीन वाचू नका, पण लक्षात ठेवा. पुढे कामाला येतील.

दुसरा जन्म मार्च १९६४ चा, 'अ‍ॅव्हेंजर्स' या सुपरहिरोंच्या टोळीच्या मासिकाच्या चौथ्या अंकात. (योगायोग बघा, त्याच महिन्यात मुंबईत इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक निघाला. आमची पिढी वेताळ आणि मँड्रेकवर पोसली गेली, कॅप्टन अमेरिका आम्हाला फार उशिरा भेटला.) बर्फाच्या लादीत गोठलेला माणूस समुद्रातून तरंगत येतो, अ‍ॅव्हेंजर्स त्याला पाणबुडीत ओढून घेतात, आणि तो ओरडत उठतो: बकी! पण बकी मेलाय. जग वीस वर्षं पुढे गेलंय. लेखन स्टॅन ली, चित्रं पुन्हा कर्बी. वीस-बावीस पानांत त्यांनी या पात्राला जे दिलं ते १९४१ मध्ये नव्हतं: दुःख. घरी परतलेल्या पण कुठेच न रुजणाऱ्या सैनिकाचं दुःख. १९४१ आणि १९६४ यांतलं एकच वाचायचं असेल तर मी बिनदिक्कत १९६४ म्हणेन. फक्त तो चौथा अंक वाचा. त्यानंतरच्या काही वर्षांत 'टेल्स ऑफ सस्पेन्स'मध्ये आयर्न मॅनबरोबर निम्मी पानं वाटून घेत ज्या मारामाऱ्या छापल्या, त्या चाहत्यांसाठी ठेवा.

१९७४ आणि १९८७ : पोशाख उतरवण्याच्या दोन तऱ्हा

खरी तुलना इथे आहे. दोन्ही वेळा गोष्टीचा सांगाडा एकच. स्टीव्ह रॉजर्स कॅप्टन अमेरिकाचा पोशाख उतरवतो. का उतरवतो, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

१९७२ मध्ये लेखन स्टीव्ह एंगलहार्टकडे आलं. सैन्यात जाऊन, युद्ध मनाला पटत नाही म्हणून बाहेर पडलेला हा माणूस. व्हिएतनाम चालू असताना झेंडेवाल्या हिरोचं करायचं काय? त्याने पहिलं काम केलं ते त्या १९५४ च्या तीन अंकांचं. स्टीव्ह बर्फात होता तर तेव्हा कम्युनिस्टांना बदडणारा कोण? एंगलहार्ट म्हणाला, तो दुसराच. औषधाची प्रक्रिया अर्धवट झाल्याने डोकं फिरलेला, जिथे तिथे गद्दार दिसणारा, काळ्या माणसांचा द्वेष करणारा तोतया. आणि त्याच्यासमोर उभे केले खरा स्टीव्ह आणि फाल्कन. फाल्कन म्हणजे १९६९ मध्ये आलेला सॅम विल्सन, मोठ्या प्रकाशनांतला पहिला आफ्रिकी-अमेरिकी सुपरहिरो. देशभक्तीचे दोन अवतार एकमेकांना ठोसे मारतायत. जुनी चूक झाकायची सोडून तिच्यातूनच गोष्ट काढायची, ही हुशारी मला आजही थक्क करते.

मग 'सीक्रेट एम्पायर', अंक १६९ ते १७५. जाहिरातबाज हार्डरमन टीव्हीवरून कॅप्टनची बदनामी करतो. राष्ट्राध्यक्ष निक्सनचा साहाय्यक हॅल्डमन आठवून बघा, नाव कुठून आलं ते कळेल. शेवटी कटाचा सूत्रधार पळत पळत थेट व्हाइट हाउसमध्ये शिरतो, मुखवटा काढतो आणि स्वतःला गोळी घालून घेतो. चेहरा आपल्याला दाखवत नाहीत. दाखवायची गरजही नव्हती. अंकावर तारीख जुलै १९७४ ची. वॉटरगेट प्रकरणात निक्सन पायउतार झाला ऑगस्टमध्ये. स्टीव्ह पोशाख उतरवतो आणि 'नोमॅड', म्हणजे बिनदेशी भटक्या, हे नाव घेतो. नव्या पोशाखाला ऐटीत झगा लावतो आणि पहिल्याच पाठलागात त्या झग्यात पाय अडकून आपटतो. इतक्या गंभीर मालिकेत लेखकाने नायकाला असं तोंडावर पाडावं! मला हे पान फार आवडतं.

आता १९८७. लेखक मार्क ग्रुएनवाल्ड. याने १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं हे मासिक एकहाती लिहिलं. अंक ३३२ मध्ये सरकारी समिती स्टीव्हला बोलावते: नाव आमचं, पोशाख आमचा, ढाल आमची, आमच्या हुकमाखाली काम कर. स्टीव्ह विचार करायला वेळ मागतो आणि मग सगळं टेबलावर ठेवून निघून जातो. ना हाणामारी, ना गोळी. नोकरी सोडणाऱ्या सरळमार्गी माणसासारखा. सरकार दुसरा गडी शोधतं, जॉन वॉकर. ताकदीने स्टीव्हहून वरचढ, मनाने वाईट नाही, पण तापट. आई-वडिलांची हत्या झाल्यावर त्याचा तोल सुटतो, आणि त्याच पोशाखात तो माणसं मारत सुटतो. तोवर स्टीव्ह काळ्या पोशाखात, नुसता 'द कॅप्टन' म्हणून फिरतो. हा सगळा प्रकार अंक ३५० पर्यंत चालतो.

कुठलं घ्यायचं? एंगलहार्टची गोष्ट जास्त धाडसी, वेगवान आणि कधीकधी हास्यास्पद. संवाद भडक, विचारांचे फुगे पान व्यापतात. सत्तरच्या दशकातली ही खोड सहन करावी लागते. ग्रुएनवाल्डची गोष्ट सावकाश चढते, चित्रं बेताची, पण प्रश्न जास्त पक्का. एंगलहार्ट विचारतो, वरचा माणूस सडका निघाला तर? ग्रुएनवाल्ड विचारतो, वरची माणसं सडकी नाहीत, नुसती कार्यालयीन आहेत, तर? आपल्याकडे ज्याने सरकारी खात्यात दोन खेपा घातल्यात त्याला दुसरा प्रश्न जवळचा वाटेल. राजकारणाची आवड असेल तर १९७४ घ्या. जॉन वॉकरला पडद्यावर बघून कुतूहल वाटलं असेल तर १९८७. मात्र ग्रुएनवाल्डचे ३५० च्या पुढचे अंक जपून उघडा. १९९२ मध्ये त्याने कॅप्टनला चक्क लांडगा केला होता. लोक त्याला प्रेमाने 'कॅपवुल्फ' म्हणतात. प्रेम आंधळं असतं.

२००३ आणि २००५ : मग भाच्याला काय दिलं

सिनेमा बघून येणाऱ्यासाठी उत्तर एकच, एड ब्रुबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांची २००५ ची मालिका. ती पहिल्या अंकापासून सुरू होते, त्यामुळे आकड्यांचा गोंधळ नाही. मागचं काही वाचलेलं लागत नाही. पोशाखवाल्यांच्या कॉमिकपेक्षा ती हेरकथा जास्त वाटते: सावल्या, जुन्या फायली, रशियन जनरल. बकी मेला नव्हता. सोव्हिएतांनी त्याला उचललं, आठवणी पुसल्या, त्याचा 'विंटर सोल्जर' नावाचा मारेकरी केला, आणि कामगिरी संपली की बर्फात ठेवत गेले. १९६४ चं दुःख चाळीस वर्षांनी उचकटून ब्रुबेकरने त्याची जखम केली. अंक १० सोडून द्या, तो कंपनीच्या दुसऱ्याच एका मोठ्या कथानकाला जोडलेला आहे. अंक २५ पर्यंत थांबायचं नाही. २००७ मध्ये तो आला तेव्हा न्यायालयाच्या पायऱ्यांवर गोळ्या झेलणाऱ्या कॅप्टनची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली होती. जो सायमन तेव्हा नव्वदी ओलांडून हयात होता. 'विंटर सोल्जर'च्या सिनेमांनी पुढे पैशाचा पाऊस पाडला. त्यातल्या एका सिनेमात ब्रुबेकर क्षणभर पडद्यावर दिसतो, आणि ते पात्र घडवण्याबद्दल मिळालं त्याहून जास्त आपल्याला त्या क्षणाबद्दल मिळालं, असं त्याने जाहीरपणे सांगितलंय. १९४१ च्या नफ्याच्या वाट्याची गोष्ट आठवली ना?

या मालिकेचा दोष एकच. ती इतकी गुळगुळीत आहे की झेंड्याचा प्रश्न मागे पडतो. कॅप्टन इथे उत्तम गुप्तहेर आहे, बस.

म्हणून तिच्या जोडीला 'ट्रुथ : रेड, व्हाइट अँड ब्लॅक', २००३. रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर. सातच अंक, एका बैठकीत होतात. सैन्याचं ते औषध आधी काळ्या सैनिकांवर तपासून पाहिलं गेलं, अशी कल्पना. मागे सावली आहे टस्कीगीच्या खऱ्या प्रयोगाची, ज्यात १९३२ पासून चाळीस वर्षं काळ्या माणसांचा सिफिलिस उपचारांविना नुसता बघत बसले. बेकरची चित्रं जाड रेषांची, जवळजवळ बालचित्रांसारखी. पहिल्यांदा बघून भाचा म्हणाला, "हे काय कार्टून आहे?" मी म्हटलं, अरे, तिसऱ्या अंकानंतर बोल.

ब्रुबेकर सहा महिने पुरतो, ट्रुथ एका दुपारी संपतो. ब्रुबेकर पुढच्या अंकाची ओढ लावतो, ट्रुथ संपल्यावर दुसरं काही हातात घ्यावंसं वाटत नाही. नुसती मजा हवी असेल त्याने ट्रुथच्या वाटेला जाऊ नये, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. भाच्याने आधी ब्रुबेकरचे पंचवीस अंक काढले, मग आठवडाभर ट्रुथ टेबलावर पडून होतं. परवा रात्री अकराला त्याने फोनवर एका पानाचा फोटो पाठवला, खाली एक अक्षर नाही. शेवटाकडचं पान आहे ते. त्या प्रयोगातून जिवंत उरलेला एकमेव सैनिक, आयझाया ब्रॅडली, आता म्हातारा. तुरुंगातल्या वर्षांनी आणि त्या औषधाने त्याची बुद्धी लहान मुलासारखी करून टाकलीय. स्टीव्ह रॉजर्स त्याच्या घरी त्याचा फाटका पोशाख परत घेऊन आलाय. दोघं शेजारी उभे राहून फोटो काढतायत. आयझायाने त्या चिंध्या अंगावर चढवल्यात, आणि तो हसतोय.