आईच्या खांद्यासाठी लावलेलं विश्रामबागचं फिजिओ सेंटर

आईचं वय ७१, मिरजेत रिव्हर्स शोल्डर रिप्लेसमेंट (खांद्याचा कृत्रिम सांधा बसवायचं ऑपरेशन) झालं, आणि सहा आठवडे स्लिंग लावून झाल्यावर इथं जायला सुरुवात केली. फिजिओ मॅडम एकदम भारी. पहिल्या दिवशी व्यायाम नाहीच, आधी घरात काय काय करता ते विचारलं, आई म्हणाली खुर्चीतनं उठताना दोन्ही हात टेकते, तर मॅडमनी तिथंच थांबवलं, ऑपरेशनच्या हातावर जोर द्यायचाच नाही, आणि तो हात पाठीमागं पण न्यायचा नाही म्हणजे अंबाडा घालणं, मागचं खोचणं सगळं बंद, सांधा निसटू शकतो म्हणे. झोपताना कोपराखाली टॉवेलची घडी ठेवायची हे पण त्यांनीच सांगितलं, आम्हाला दवाखान्यात कोणी बोललंच नव्हतं!! रिव्हर्समध्ये गोळा आणि वाटी उलट बसवतात त्यामुळं हात उचलायचं काम मुख्य डेल्टॉइडवर, म्हणजे खांद्यावरच्या स्नायूवर येतं, म्हणून घाई करून चालत नाही, हे आईला मराठीत नीट समजावलं. आता दोन महिन्यांनी आई स्वतःची वेणी नाही पण चहाचा कप फडताळातनं काढते. (कप आधी खालच्या फळीवर आणलेत, ते सोडा.)

बाकी वैताग म्हणजे पहिला मजला आणि लिफ्ट नाही, ११ ची वेळ दिली की १२ वाजता नंबर, आणि पार्किंग तर विचारूच नका. रिसेप्शनवरच्या पोराला जरा बोलायला शिकवा. एक स्टार त्याचाच कापला.