गाडीच्या दिव्यात खोली: आरसा, अ‍ॅक्रेलिक की कंपनीचाच दिवा?

सलूनच्या खुर्चीत बसलं की पुढच्या-मागच्या आरशांत आपलंच डोकं एकामागे एक लांबवर गेलेलं दिसतं. लहानपणी मी ती डोकी मोजायला जायचो. सात-आठ मोजून होईपर्यंत सगळं हिरवट होत जायचं आणि पुढे नुसता अंधार. गाडीच्या दिव्यात हल्ली जी खोली, म्हणजे दिवा आत लांबवर गेल्यासारखा दिसणं, लोकांना हवी असते, ती मिळवायचा एक रस्ता हाच, समोरासमोर ठेवलेल्या आरशांचा. दुसरा रस्ता साइनबोर्डवाल्यांचा, कडेने उजळणाऱ्या अ‍ॅक्रेलिकचा. तिसरा म्हणजे कंपनीनेच तसा दिवा दिलेली गाडी घेणं.

‘इन्फिनिटी करू की थ्रीडी?’, म्हणजे आरशाचा दिवा की अ‍ॅक्रेलिकच्या थरांचा, असं विचारणाऱ्यांनी बहुतेक वेळा एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो. रात्रीच्या अंधारात, मोबाइल दिव्यापासून फुटभर अंतरावर धरून काढलेला. त्या व्हिडिओत आरसाच जिंकणार. मी दोन्ही प्रकार स्वतः बनवले, स्वतःच्या गाडीला लावले आणि त्यातला एक काढूनही टाकला. म्हणून दुपारच्या उन्हात काय होतं तेही सांगतो.

आरशाचा दिवा

रचना सोपी आहे. मागे पूर्ण आरसा, पुढे अर्धा आरसा आणि मधल्या फटीत कडेकडेने एलईडीची पट्टी. अर्धा आरसा थोडा प्रकाश बाहेर सोडतो आणि बाकीचा परत आत ढकलतो. तो तयार मिळतो, नाहीतर स्वच्छ अ‍ॅक्रेलिकवर खिडक्यांच्या काचांना लावतात ती चकाकणारी वन-वे फिल्म चिकटवून करतात. आत गेलेला प्रकाश मागच्या आरशावर आपटून पुन्हा पुढे येतो, पुन्हा थोडा बाहेर पडतो, आणि प्रत्येक फेरीला दिव्यांची नवी रांग आणखी मागे गेलेली दिसते.

फट 15 मिमीची आणि पट्टी बरोबर मध्यावर असेल, तर रांगा 15-15 मिमीवर दिसतात. दहा रांगा म्हणजे 15 सेंटिमीटरची खोली, तीही दोन बोटं जाडीच्या डब्यात. तीच पट्टी एका आरशाला खेटून लावली की रांगा जोडीजोडीने एकमेकींवर बसतात: संख्या निम्मी, अंतर 30 मिमी, पण प्रत्येक रांग ठसठशीत. माझ्या पहिल्या डब्यात पट्टी मध्यापासून दोन-तीन मिमी सरकली होती. रांगा लंगडत चालल्यासारख्या दिसायच्या, एक अंतर लहान, पुढचं मोठं, पुन्हा लहान. कारण शोधायला मला दोन दिवस लागले.

आता हिशोब करू. मागचा आरसा 90 टक्के प्रकाश परतवतो आणि पुढचा 70 टक्के, असं धरा. एका पूर्ण फेरीनंतर 63 टक्के उरतो, पाच फेऱ्यांनंतर साधारण 10 टक्के. डोळ्याला तेवढाही दिसतो, म्हणून बोगदा खोल वाटतो. पण पुढचा आरसा 70 टक्के परतवतो याचाच अर्थ सगळ्यात पुढच्या रांगेचाही फार तर 30 टक्के प्रकाश बाहेर येतो. उजेड वाढवायला पुढचा आरसा 50 टक्क्यांवर आणला, तर पाच फेऱ्यांत 2 टक्केही उरत नाही आणि बोगदा तीन-चार रांगांत संपतो. एक हवं तर दुसरं सोडावं लागतं. आरशाच्या दिव्यात खोलीची किंमत उजेडातच चुकवावी लागते.

मी हा दिवा मागे लावला होता, ब्रेक लाइटसकट. रात्री सिग्नलला लोक काच खाली करून कुठे बनवला म्हणून विचारायचे. मग एका दुपारी महामार्गावर एक मित्र त्याच्या गाडीने माझ्या मागे होता. त्याने मला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाला, ‘अरे, तू ब्रेक मारतोस की नाही तेच कळत नाहीये.’ मी मागे जाऊन उभा राहिलो आणि त्याला ब्रेक दाबायला सांगितलं. दिव्यात ढग दिसत होते. ढगांच्या मागे कुठेतरी फिकट लाल ठिपके. अर्धा आरसा बाहेरूनही आरसाच असतो, हे मला माहीत होतं, पण उन्हात त्याचा काय अर्थ होतो ते तेव्हा कळलं. संध्याकाळी सूर्य मागून येत असेल तर तोच आरसा मागच्या चालकाच्या डोळ्यांत ऊन फेकतो. त्याच आठवड्यात मी तो दिवा काढला.

शिवाय निगा ठेवणं कठीण. डबा बंद करताना आत बोटाचा एक ठसा राहिला, तर तो प्रत्येक फेरीत पुन्हा दिसतो. पावसाळ्यात आत दमट हवा अडकली की आरशावर धुकं धरतं आणि बोगदा दुधाळ होतो. फिल्म लावून केलेला आरसा उन्हाने कडेपासून सुटतो, फुगे धरतो. साध्या काचेच्या आरशाला हिरवट झाक असते आणि हिरवट काच लाल प्रकाश जास्त खाते. म्हणजे मागच्या दिव्याचा नेमका जो रंग, तोच आधी मरतो.

अ‍ॅक्रेलिकचे थर

इथे खोली खरीखुरी असते. 3 मिमीचे दोन-तीन पत्रे, मध्ये 6 ते 8 मिमी मोकळी जागा आणि प्रत्येक पत्र्याच्या कडेला स्वतंत्र एलईडी. अ‍ॅक्रेलिकचा अपवर्तनांक (त्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) 1.49 च्या आसपास, त्यामुळे पृष्ठभागावर लंबापासून 42 अंशांहून जास्त तिरपा आलेला प्रकाश बाहेर पडूच शकत नाही. तो आतल्या आत परतत पुढे सरकतो आणि जिथे लेझरने कोरलं असेल तिथेच बाहेर सांडतो. एका पत्र्यावर षटकोन, मागच्यावर त्याहून लहान, त्याच्याही मागे आणखी लहान, असं केलं की मान जराशी हलवली तरी रेषा एकमेकींवरून सरकतात. जिवंत वाटतं ते त्या सरकण्यामुळे.

उजेडाच्या हिशोबात हा प्रकार सरळ पुढे आहे. स्वच्छ अ‍ॅक्रेलिकचा एक पत्रा पुढून-मागून मिळून जेमतेम 8 टक्के प्रकाश अडवतो. तीन पत्र्यांमागून 78 टक्क्यांच्या आसपास प्रकाश बाहेर येतो. कोरलेल्या रेषांमुळे थोडा आणखी पसरतो, तरी आरशाच्या 30 टक्क्यांशी तुलनाच नको. आणि दिवा बंद असताना पत्रा आरसा बनून आभाळ दाखवत नाही.

खोटं कशाला बोलू, अनंताचा भास इथे नाही. तीन पत्र्यांत मिळते ती दोन-अडीच सेंटिमीटरची खोली. अंधारात दोन्ही शेजारी ठेवले तर दहातले नऊ जण आरशापाशी थांबतील.

बनवताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, पत्रा ‘कास्ट’, म्हणजे साच्यात ओतून केलेला, मागा. त्यावर लेझरचं कोरीव काम पांढरं, भुरभुरीत उमटतं. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेल्या, पत्र्यावर तेच काचेसारखं पारदर्शक राहतं आणि उजळत नाही. दुसरी, एलईडीपासून लांब गेल्यावर प्रकाश क्षीण होतो, म्हणून ठिपके किंवा रेषा लांबच्या टोकाला दाट करत न्याव्या लागतात. तिसरी मी नुकसान सोसून शिकलो. लेझरने कापलेला पत्रा मी स्पिरिटने पुसला. दहा मिनिटांत कडेपासून आत केसासारख्या बारीक चिरा पसरल्या, आणि कडेने एलईडी लावल्यावर सगळ्यात आधी उजळल्या त्या चिराच. कापताना कडेला ताण राहतो आणि स्पिरिट तो उघडा पाडतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

बघणार कोण आणि किती लांबून?

निवडीचा खरा प्रश्न मला हा वाटतो आणि तो विचारतच नाही कुणी. 15 सेंटिमीटरची खोली 30 मीटरवरून दिसत नाही. तेवढ्या अंतरावर दोन डोळ्यांना मिळणारी दोन चित्रं जवळपास सारखीच असतात, आणि लांबून दिसते ती फक्त सगळ्यात पुढची, बाहेरची कड. म्हणजे टेल लाइटमधली कलाकुसर पाहणारा माणूस एकच: सिग्नलला दोन-तीन मीटर मागे थांबलेला. गाडी धावत असताना मागच्याला हवा असतो तो लखलखीत लाल उजेड, बाकी काही नाही.

याउलट गाडीच्या आत, दाराच्या पॅनलवर किंवा मागच्या सीटच्या बाजूला, तुम्ही हा दिवा हातभर अंतरावरून रोज पाहता. तिथे ऊन थेट पडत नाही, उजेड कमी असलेलाच बरा, आणि कुणाचा जीव त्या दिव्यावर अवलंबून नाही. आरशाचे सगळे दोष तिथे निष्प्रभ होतात. माझा काढलेला आरसा मी वाया घालवला नाही. त्याच्याच मापाने नवा छोटा डबा करून मागच्या दारात बसवला, आणि आज तो गाडीतली माझी सगळ्यात आवडती वस्तू आहे. पुढच्या डॅशबोर्डवर मात्र नको, रात्री समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब तरंगत राहतं. आणि डिमर हवाच.

वायरिंगबद्दल दोन शब्द, कारण दोन्ही प्रकारांना ते लागू आहे. ‘12 व्होल्टची पट्टी’ गाडीत 12 व्होल्टवर चालत नाही. इंजिन सुरू असताना 14 व्होल्टच्या वर जातं. पांढऱ्या पट्टीत तीन एलईडी मिळून साधारण 9.3 व्होल्ट घेतात आणि उरलेले 2.7 रेझिस्टरवर पडतात. पुरवठा 14.4 झाला की रेझिस्टरवर 5.1 व्होल्ट येतात आणि करंट जवळपास दुप्पट होतो. बंद डब्यात ती उष्णता जाणार कुठे? पट्टी आधी पिवळी पडते, मग तुकड्या-तुकड्याने विझते. व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा मॉड्यूल आणि फ्यूज लावल्याशिवाय पट्टी जोडूच नका, आणि मूळ वायर कापून जोड देणाऱ्याकडे गाडी सोपवू नका.

कायदा

मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 52 मालकाला गाडीत असा बदल करू देत नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 105 सांगतो की मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे. नियम 108 प्रमाणे पुढच्या बाजूला लाल दिवा दिसता कामा नये, आणि मागे रिव्हर्स किंवा नंबरप्लेटच्या दिव्यासारखे अपवाद वगळता लालच हवा. निळे-जांभळे बोगदे मागे लावून हिंडणं म्हणूनच नियमात बसत नाही.

दंडापेक्षा मला 155 मीटरचा आकडा महत्त्वाचा वाटतो. कंपनीचा दिवा चाचणीतून गेलेला असतो. आपल्याकडे असं काम करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. कोणत्या कोनातून किती उजेड दिसला पाहिजे हे तिथे मोजलं जातं. माझ्या टेबलावर बनलेला दिवा कुणी मोजला होता? मित्राने, धावत्या गाडीतून.

कंपनीचाच खोल दिवा

बजेट असेल तर हा रस्ता सगळ्यात निर्धास्त. लेक्ससच्या एलसी या कूपेच्या मागच्या दिव्यात अर्ध्या आरशाचंच तंत्र आहे: इंग्रजी एल अक्षरासारखी रेघ एकामागे एक आत गेलेली दिसते. मर्सिडीझने 2016 च्या ई-क्लासमध्ये आकाशगंगेसारखा चमचमणारा रिफ्लेक्टर दिला. त्याच सुमारास बीएमडब्ल्यूच्या एम4 जीटीएस आणि ऑडीच्या टीटी आरएसमध्ये ओएलईडी आले. ओएलईडी म्हणजे सगळा पृष्ठभागच एकसारखा उजळतो, ठिपके नाहीत, आणि पातळ तबकड्या पुढे-मागे, तिरप्या मांडून खोली आणता येते. घरी बनवण्यासारखी ती गोष्ट नाही. या गाड्या आपल्यातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच्या, पण शोरूममध्ये साध्या गाड्यांचे दिवे पाहतानाही नजर कशावर ठेवायची ते यांच्याकडून शिकता येतं. दिवा चालू करायला सांगा आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत जा. आतल्या रेषा एकमेकींवरून सरकल्या तर खोली खरी. सगळं एकत्रच हललं तर ती फक्त छापील नक्षी.

मग घ्यायचं काय?

गाडीच्या आत सजावट हवी असेल तर आरसा घ्या आणि मनापासून घ्या, त्याला तोड नाही. गाडी प्रदर्शनात उभी करायची असेल आणि रस्त्यावर न्यायचीच नसेल, तरीही आरसा. मागच्या बाजूला काहीतरी हवंच असा हट्ट असेल, तर कंपनीचा टेल लाइट, ब्रेक आणि इंडिकेटर यांना हात लावू नका. अ‍ॅक्रेलिकचा लहान लाल तुकडा मागच्या काचेच्या आत, ब्रेकच्या वरच्या दिव्याला न झाकता ठेवा, आणि तोही गाडी उभी असतानाच चालू राहील असा जोडा. मूळ दिव्याची काच हीट गनने सोडवून आत काही बसवून देतो म्हणणाऱ्याला मी तरी नाहीच म्हणेन. एकदा सुटलेलं सील पहिल्यासारखं बसत नाही आणि पहिल्या मोठ्या पावसात आत पाणी साचतं.

तरीही बसवलंच, तर भर दुपारी बारा वाजता गाडी उन्हात उभी करा, मागे पन्नास पावलं मोजून जा आणि कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगा. त्याने केव्हा दाबला ते तोंडाने सांगू नये. तुम्हीच हात वर करून दाखवा.