कोपेपॉडची बाटली: विरजण म्हणून उत्तम, रोजच्या जेवणाला अपुरी

फोंड्यातील माझ्या घरी ८० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तीत गेले १४ महिने एक मँडरिन मासा राहतो आहे. त्याच्या खाद्यासाठी या काळात मी दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून जिवंत कोपेपॉडच्या (कोळंबी-खेकड्यांच्या गटातील, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे जलजीव) सात बाटल्या विकत घेतल्या. हा अभिप्राय त्या बाटल्यांविषयी आहे. विक्रेत्यांची नावे मी देत नाही, कारण एकाचा माल खराब निघाला त्यात त्याच्याइतकाच एप्रिलच्या उन्हाचाही वाटा होता.

बाटलीचे मोल कळण्यासाठी आधी हा मासा कसा जेवतो ते समजून घ्यावे लागते. मँडरिनचे शास्त्रीय नाव सिंकिरोपस स्प्लेंडिडस. पश्चिम प्रशांत महासागरात, जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटांपासून फिलिपिन्स व इंडोनेशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ, आडोशाच्या प्रवाळक्षेत्रांत तो आढळतो. लांबी जेमतेम बोटभर. अंगावर खवले नसतात, त्यांच्या जागी जाड, कडू आणि उग्र वासाचा चिकट थर असतो. त्याचा निळा रंगही विशेष आहे: बहुतेक निळ्या माशांचा निळेपणा प्रकाशाच्या परावर्तनातून दिसतो, मँडरिनच्या त्वचेत मात्र प्रत्यक्ष निळे रंगद्रव्य असलेल्या पेशी असतात, आणि पृष्ठवंशीयांमध्ये ही गोष्ट अत्यंत दुर्मीळ आहे. दुकानात ग्राहक या रंगावरच भाळतो आणि त्याचे इवलेसे तोंड पाहायचे राहून जाते. हा मासा दिवसभर खडकावरून सावकाश सरकत, एकेक जागा न्याहाळत, कोपेपॉड आणि तत्सम सूक्ष्म जीव टिपत असतो. दिवसातून दोनदा चिमूटभर खाद्य टाकले की धावून येणाऱ्या माशांपैकी तो नव्हे. म्हणूनच २०० लिटरहून मोठी आणि निदान सहा महिने ते वर्षभर मुरलेली, म्हणजे खडकांवर सूक्ष्म जीवांची वस्ती झालेली टाकी असल्याशिवाय तो घेऊ नये, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. माझी टाकी त्या मापात बसत नव्हती. जे टाकीत आपोआप वाढणार नाही ते बाहेरून पुरवायचे, या हिशेबाने मी बाटलीकडे वळलो.

पहिली बाटली २५० मिलिलिटरची होती. राज्याबाहेरून कुरिअरने निघालेले पार्सल वाटेत दोन दिवस राहिले आणि तिसऱ्या दिवशी, एप्रिलच्या दुपारी फोंड्याला पोचले. पॅकिंग थर्माकोलचे होते, पण आत बर्फाची पिशवी नव्हती आणि बाटली तोंडापर्यंत पाण्याने भरलेली असल्यामुळे हवेला जागाच उरली नव्हती. झाकण उघडताच कुजका वास आला. पांढऱ्या बशीत दहा मिलिलिटर पाणी काढून विजेरी धरली तेव्हा तळाशी फिकट पांढरे कण दिसले. हलणारे मोजके चार-पाचच होते. विक्रेत्याने छायाचित्र पाहून पैसे परत केले, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मी मानतो. परंतु मासा उपाशी असेल तर परत आलेल्या पैशांचा त्याला काही उपयोग नसतो.

दुसरा विक्रेता गोव्यातलाच आहे आणि घरीच कोपेपॉडचे कल्चर, म्हणजे त्यांची जिवंत पैदास, वाढवतो. त्याच्या बाटल्या अर्ध्याच भरलेल्या असतात, वर हवा असते, पाण्यावर शेवाळाची हलकी हिरवी छटा असते आणि बाटली उजेडात धरली की काचेवर सरपटणारे व मधूनच झटका देऊन उडणारे ठिपके स्पष्ट दिसतात. अंड्यांच्या पिशव्या बाळगणाऱ्या माद्याही साध्या भिंगातून दिसल्या. कल्चर वाढते आहे याची याहून चांगली खूण नाही. मी बाटली मागितली तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "मास्तर, मासा आधी घेतलात की खडक आधी मुरवलात?" मासा आधी घेतला, हे मला कबूल करावे लागले. त्यांनी बाटली दिली, पण ती थेट टाकीत न ओतता अर्धी बरणीत ठेवण्याचा आग्रह धरला.

त्यांचे मी पहिल्या वेळी ऐकले नाही. पूर्ण बाटली रात्री दिवे मालवून, पंप व स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातील घाण काढणारे यंत्र) तासभर बंद ठेवून टाकीत सोडली. तेवढी काळजी आवश्यकच असते, कारण पंप चालू असतील तर निम्मे जीव माशाच्या तोंडी लागण्याआधी फिल्टरमध्ये जातात. पहिले आठ दिवस मासा सतत टिपताना दिसला आणि मला समाधान वाटले. तीन आठवड्यांनी तो पूर्वीसारखाच खडकावर हिंडत होता, पण चोच मारण्याचे प्रमाण कमी झाले होते आणि वरून पाहिले असता डोक्यामागचा भाग आत गेलेला दिसू लागला. मँडरिनची उपासमार कळायला डोक्यामागचा हा खोलगटपणा आणि खपाटीला गेलेले पोट या दोन खुणा पाहाव्यात. तो शेवटपर्यंत चालता-फिरता राहतो, त्यामुळे त्याच्या हालचालींवर विसंबून राहू नये. लहान टाकीतील खडकाचे क्षेत्रफळच इतके कमी असते की एक मासा कोपेपॉडची पुढची पिढी तयार होण्याआधीच आताची पिढी संपवतो. महिन्याला दोन बाटल्या ओतूनही हे गणित बसत नाही. ४५० रुपयांची बाटली तीन आठवडेही पुरली नाही, हे मी येथे नोंदवून ठेवतो.

बाटलीकडे विरजण म्हणून पाहिले की तिचे खरे मोल कळते. मी पाच लिटरच्या दोन बरण्या ठेवल्या आहेत. खारे पाणी टाकीच्याच क्षारतेचे, म्हणजे १.०२५ घनतेचे. हवेची नळी टोकाला बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड न लावता, सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे येतील इतकीच उघडी, कारण बारीक बुडबुड्यांनी हे जीव फेकले जातात. खाद्य म्हणून नॅनोक्लोरॉप्सिस किंवा आयसोक्रायसिस या सूक्ष्म शेवाळांचे द्रावण पाण्याला फिकट रंग येईपर्यंत घालायचे आणि पाणी निवळले की पुन्हा घालायचे. अधिक घातले तर पाणी सडते. माझी एक बरणी अशाच उत्साहाने गेली. दोन आठवड्यांनंतर दर चार-पाच दिवसांनी चौथा हिस्सा पाणी सुमारे ५० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून जीव टाकीत सोडतो आणि तेवढेच ताजे खारे पाणी बरणीत भरतो. दुसरी बरणी हवीच, कारण एखादी बरणी कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय कोसळते किंवा रोटिफर (कोपेपॉडहूनही बारीक, झपाट्याने वाढणारे जलजीव) शिरून कोपेपॉडना मागे टाकतात.

कोपेपॉडच्या जातीच्या निवडीबाबत माझा अनुभव असा की टिस्बे घ्यावे. ते आकाराने लहान, खडकाच्या फटींत लपून राहणारे आणि वेगाने वाढणारे आहेत, त्यामुळे मासा असूनही त्यांतील काही वाचतात आणि टाकीत वस्ती करतात. लालसर, मोठे टिग्रिओपस माशाला चटकन दिसतात आणि तो ते आवडीने खातो, मात्र मोकळ्या पाण्यात पोहत असल्यामुळे ते लवकर संपतात. अपोसायक्लॉप्स उष्ण पाणी अधिक सोसते, म्हणून आपल्या हवामानात बरणीसाठी ते सोयीचे ठरले.

हवामानाचा मुद्दा गोव्यात टाळता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत माझ्या खोलीतील टाकीचे पाणी ३० अंशांवर जात होते, तर मँडरिनला २४ ते २७ अंश योग्य. पंख्याचा झोत पाण्यावर सोडल्याने ते दोन-तीन अंशांनी उतरले, पण त्याबरोबर बाष्पीभवन वाढते आणि मीठ मागे राहून क्षारता चढते, त्यामुळे रोज आरओचे गोडे पाणी भरावे लागते. पावसाळ्यात वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लागतोच. समुद्र जवळ आहे म्हणून मिरामार किंवा कोलव्याहून पाणी आणण्याचा मोह होतो; पावसाळ्यात मांडवी-जुवारीचे गढूळ गोडे पाणी किनाऱ्यापर्यंत पसरलेले असते, तेव्हा तो मोह आवरावा आणि टाकीसाठी मिळणारे तयार समुद्री मीठ वापरावे. खडकही किनाऱ्यावरून उचलू नयेत. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. भट्टीत भाजलेला सच्छिद्र सिरॅमिक खडक कोपेपॉडना लपायला पुरेसा होतो.

बरणीवरचा भार कमी करण्यासाठी मी माशाला गोठवलेल्या खाद्याची सवय लावली आणि त्यात तीन महिने गेले. आरंभ अंड्यातून नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातील चिमुकल्या कोळंबीसारख्या जीवाच्या) पिलांपासून केला, कारण ती हलतात. ती बाहेर आल्यावर काही तासांतच द्यावीत, त्यांच्यातील बलकाचा साठा झपाट्याने संपतो. पुढे मसाल्याची लहान काचेची बरणी टाकीत आडवी ठेवून तिच्यात ड्रॉपरने आर्टेमिया आणि बारीक चिरलेला गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखा आणखी एक लहान जीव) सोडू लागलो. मँडरिन सावकाश आत शिरतो आणि टिपतो. टाकीतले क्लाउन मासे बरणीच्या अरुंद तोंडातून आत यायला धजत नाहीत, त्यामुळे त्याला घाई करावी लागत नाही. मी ज्यांच्याकडून मासा घेतला त्यांनी तो दुकानात मायसिस खाताना दाखवला होता, परंतु घरी आल्यावर सहा आठवडे त्याने मायसिसला तोंड लावले नाही. दुकानातील हे प्रात्यक्षिक पाहावे अवश्य, पण घरी बरणीत कोपेपॉड वाढू लागल्यावरच मासा आणावा.

गोव्यातील विक्रेत्याच्या बाटलीला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण यासाठी कापला की बाटलीवर जातीचे नाव आणि भरल्याची तारीख नसते, ती विचारावी लागते. कुरिअरच्या बाटलीला दोन गुण. तीच बाटली डिसेंबरमध्ये मागवली तेव्हा जिवंत आणि भरघोस आली, म्हणून बाहेरून मागवायचीच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवावी, आठवड्याच्या सुरुवातीला पाठवायला सांगावी म्हणजे ती रविवारी गोदामात पडून राहत नाही, आणि आल्यावर टाकीत ओतण्यापूर्वी दहा मिलिलिटर पांढऱ्या बशीत काढून विजेरीने पाहावी.