'पर्सेपोलिस': आधी पुस्तक आणावं की सिनेमा दाखवावा?

एरवी या वादात सिनेमावाल्यानं पुस्तकाची वाट लावली, असं म्हणायची सोय असते. इथे ती नाही. 'पर्सेपोलिस' हे चित्रकथेचं पुस्तक. मार्जान सत्रापीनं त्याची चित्रं काढली, गोष्ट लिहिली आणि २००७ साली व्हिन्सेंट पारोनोला सोबत घेऊन सिनेमाही तिनंच केला. तेहरानमध्ये वाढलेली आणि फ्रान्समध्ये स्थायिक झालेली ही बाई स्वतःचं इराणमधलं बालपण फ्रेंचमध्ये सांगते, तेही काळ्या-पांढऱ्या चित्रांत. गावच्या वाचनालयासाठी यातलं आधी काय घ्यावं, एवढाच प्रश्न आहे.

आमच्याकडे दोन्ही झालं. सिनेमा शाळेच्या हॉलमध्ये लावला. कान चित्रपट महोत्सवाचा ज्युरी पुरस्कार मिळालेला, ऑस्करचं नामांकन असलेला सिनेमा, त्यामुळे शंका नव्हतीच. मार्जानची आजी तर सगळ्यांनाच आवडली. तिच्या अंगातून झडणारी चमेलीची फुलं पडद्यावर तरंगताना दिसतात, ते पुस्तकातून मिळणार नाही हे कबूल.

पण खालच्या इंग्रजी ओळी! चित्र पांढरं, अक्षरंही पांढरी. चादरीच्या पडद्यावर निम्म्या ओळी गायबच. उरलेल्या वाचेपर्यंत पुढचा प्रसंग सुरू. मागून एकानं विचारलंच, "भाऊ, खालचं वाचू का वर पाहू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंग्रजी डबिंगची आवृत्ती आहे म्हणतील कुणी. आहे, पण आमच्या पोरांना वाचलेलं इंग्रजी जेवढं कळतं तेवढं ऐकलेलं कळत नाही. शहरात मोठा पडदा असेल तर ही तक्रार कदाचित उरणारही नाही.

पुस्तकात ही कटकट नाही. वाक्यं छोटी, अडलं तर बोट ठेवून थांबायचं. इराण-इराक युद्धात शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडतं, ढिगाऱ्यात मैत्रिणीचं ब्रेसलेट दिसतं, आणि पुढची चौकट अख्खी काळी. सिनेमात हा प्रसंग चटकन सरकतो. पुस्तकात त्या काळ्या चौकटीवर किती वेळ थांबायचं ते वाचणाऱ्याच्या हाती.

आमच्या वाचनालयातली प्रत मात्र वेगळ्याच पानावर उसवली आहे. चौदाव्या वर्षी मार्जानला एकटीला व्हिएन्नाला पाठवतात. तिथे ती एका मुलाला आपण फ्रेंच असल्याचं सांगते. पुढे कॅफेत मुली तिची टिंगल करताना कानावर पडतं, तेव्हा ती भडकून ओरडते, मी इराणी आहे आणि मला त्याचा अभिमान आहे! पुण्याला शिकायला जाऊन वऱ्हाडी लपवणाऱ्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. सुटीत आली की तेच पान काढून बसतात.

एक सांभाळा: तुरुंगातल्या छळाची काही चित्रं पुस्तकात आहेत. लहान वर्गांच्या हाती देण्याआधी मोठ्या कुणी चाळून घ्यावं.

बजेट एकाचंच असेल तर मी पुस्तक घेईन. फ्रेंचमध्ये २००० ते २००३ दरम्यान चार भाग निघाले, पण इंग्रजीत सगळं एकाच खंडात मिळतं, तेच मागवा. सिनेमा नंतर दाखवायला हरकत नाही. गोष्ट आधीच माहीत असली की खालच्या ओळींकडे फारसं कुणी पाहत नाही.