रेव्हिट, नऊ महिन्यांनंतर: क्लासमध्ये कनेक्टर शिकवला असता तर

ओळख एका ओळीत: ऑटोकॅडमध्ये रेघांची ड्रॉइंग काढतात, रेव्हिटमध्ये इमारतीचं थ्रीडी मॉडेल, ज्यातल्या वस्तूंना आपापले आकडे असतात. मेकॅनिकलची पदवी, मग चार महिन्यांचा एमईपीचा (इमारतीतलं मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) क्लास, आणि आता नऊ महिने एका सल्लागाराच्या ऑफिसात एचव्हीएसी, म्हणजे वातानुकूलन आणि वायुवीजनाचं डिझाइन. रोज सात-आठ तास रेव्हिट उघडं असतं. सबमिशनच्या आदल्या दिवशी जे घडलं, त्यामुळे लिहायला बसलो.

एका मजल्याचा सप्लाय, म्हणजे खोल्यांना थंड हवा पुरवणारे डक्ट (हवेचे बंदिस्त मार्ग), माझ्याकडे होता. बारा डिफ्यूझर (खोलीत हवा सोडणाऱ्या जाळ्या), प्रत्येकी १४० लिटर प्रति सेकंद. म्हणजे एएचयूपाशी, हवा थंड करून ढकलणाऱ्या यंत्रापाशी, १,६८० यायला हवेत. बाराही टॅगवर (ड्रॉइंगवरच्या आकड्यांच्या चिठ्ठ्यांवर) १४० दिसत होते, डक्ट नीट जोडलेले होते, थ्रीडीमध्ये सगळं देखणं होतं. मेन डक्टचं साइझिंग रेव्हिटकडूनच करून घेतलं, घर्षण ०.८ पास्कल प्रति मीटर धरून. ६००×४०० आला. नेव्हिसवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये क्लॅश, म्हणजे कुठली वस्तू दुसरीत घुसते का, ते तपासले, एकही नाही. मी खूश.

संध्याकाळी ऑफिसातल्या मॅडमनी प्रिंट हातात घेतली आणि पेन्सिलीनं बेरीज केली. "अरे, मेनवर १,४०० का? दोनशे ऐंशी कुठे गेले?"

अडीच तास शोधत होतो. 'शो डिस्कनेक्ट्स' लावून पाहिलं, एकही जोड तुटलेला नव्हता. सिस्टिम ब्राउझरमध्ये बाराही डिफ्यूझर एकाच सप्लाय सिस्टिममध्ये होते. शेवटी एकेक डिफ्यूझर निवडून त्याच्या मागच्या डक्टवरचा फ्लो वाचत गेलो, तेव्हा दोन डक्टवर शून्य सापडलं. ते दोन डिफ्यूझर मी एका उत्पादकाच्या साइटवरून उतरवून घेतलेल्या फॅमिलीचे (रेव्हिटमधल्या वस्तूच्या साच्याचे) होते. टॅग वाचत होता फॅमिलीचा पॅरामीटर, तिथं १४० होते. कनेक्टरचा, म्हणजे डिफ्यूझर डक्टला जिथं जोडला जातो त्या बिंदूचा, फ्लो मात्र त्या पॅरामीटरशी बांधलेलाच नव्हता. फॅमिली एडिटरमध्ये कनेक्टर निवडला की प्रॉपर्टीजमध्ये फ्लोच्या ओळीच्या टोकाला एक चिमुकलं चौकोनी बटण असतं. ते कोरं असेल तर कनेक्टरचा आकडा वेगळा आणि टॅगचा वेगळा. बांधलं की त्यावर बरोबरचं (=) चिन्ह येतं. एवढंच.

बांधलं, फाइल परत लोड केली, मेनवर १,६८० आले आणि डक्ट झाला ७००×४००. ते जास्तीचे १०० मिलिमीटर थेट इलेक्ट्रिकलच्या केबल ट्रेमध्ये घुसले. म्हणजे क्लॅश नसलेला तो रिपोर्ट चुकीच्या मापाच्या डक्टचा होता. रात्री उशिरापर्यंत बसून ट्रे सरकवून घेतला. इलेक्ट्रिकलवाल्यानं कुरकुर न करता साथ दिली, त्याचे आभार मानावे तेवढे थोडे.

राग आला तो क्लासचा. घरून पैसे घ्यायचे नाहीत म्हणून शिकवण्या घेऊन मी फी भरली होती. चार महिन्यांत थ्रीडी व्ह्यू, रेंडर, वॉकथ्रू सगळं झालं, कनेक्टरचं नावही निघालं नाही. जे शिकवलं ते घरबसल्या जमलं असतं. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क वर्षभराचं शैक्षणिक लायसन्स फुकट देतं, पात्र असाल तर पुढच्या वर्षीही मिळतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर ते आजच घ्या आणि फी भरण्याआधी क्लासवाल्याला एक प्रश्न विचारा: फॅमिली बनवायला शिकवता का?

इथवर लिहून ठेवलं होतं. तेव्हाच्या मसुद्यात रेव्हिटलाही बरंच सुनावलं होतं. ते आता काढून टाकलंय, कारण मधल्या काळात मत बदललं.

झालं असं, की एका मीटिंग रूमची माणसं क्लायंटनं बारावरून वीस केली. अ‍ॅश्रे ६२.१ या वायुवीजनाच्या मानकाप्रमाणे अशा खोलीला माणशी २.५ लिटर प्रति सेकंद बाहेरची हवा लागते, शिवाय चौरस मीटरला ०.३. आठ माणसं वाढली म्हणजे बाहेरच्या हवेत किमान २० लिटरची भर. माणसाची उष्णता ऑफिसकामाला साधारण ७५ वॅट सेन्सिबल (हवेचं तापमान वाढवणारी), म्हणजे ६०० वॅट तिथं वाढले. पुरवठ्याची हवा खोलीपेक्षा १० अंश थंड धरली तर त्यासाठी सुमारे ५० लिटर जास्त. हे गणित मी एक्सेलमध्ये केलं. मग त्या खोलीच्या दोन डिफ्यूझरवर प्रत्येकी २५ वाढवले आणि फांदीपासून फॅनपर्यंतचे सगळे आकडे एका क्षणात बदलले. ऑटोकॅडमध्ये असतो तर प्रत्येक टॅग हातानं बदलत बसलो असतो आणि एखादा नक्की सुटला असता. त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्यानं "वा!" म्हणालो. फॅमिली माझ्या स्वतःच्या होत्या, सगळे कनेक्टर बांधलेले.

बाकीचं थोडक्यात. लोडसाठी, म्हणजे खोलीला किती थंडावा लागेल ते मोजायला, ऑफिसात हॅप हे सॉफ्टवेअर आहे. शिकायला आठवडा पुरतो, पण भिंतीचा यू-व्हॅल्यू (तिच्यातून उष्णता किती सहज जाते तो आकडा) म्हणजे काय हे माहीत नसेल तर तो आठवडाही वाया. आर्किटेक्टचं मॉडेल लिंक केल्यावर त्याच्या टाइप प्रॉपर्टीजमध्ये 'रूम बाउंडिंग' टिक केलं नाही तर स्पेस (लोड मोजायला आखलेल्या खोल्या) बंद होत नाहीत. माझा पहिला अख्खा दिवस यात गेला. 'एरियाज अँड व्हॉल्यूम्स' चालू नसेल तर घनफळावर विसंबू नका. आणि दुसऱ्याची फाइल नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह करू नका. ती जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. हे मी एकदा केलंय आणि दोन ऑफिसांची बोलणी खाल्लीत.

गेल्या आठवड्यात एक नवीन मुलगी रुजू झाली. तिनं विचारलं, "दादा, आधी काय शिकू?" मी तिला डक्ट काढायला दिलाच नाही. एक डिफ्यूझर फॅमिली एडिटरमध्ये उघडून दिला आणि ते चिमुकलं बटण दाखवलं. तिनं बांधून मॉडेलमध्ये लोड केलं, १४० चे १५० केले आणि मान वळवून मेनचा आकडा पाहिला. १,६९०. मग कागद ओढून बेरीजही केली, मी न सांगता.