शहरी धोरणातली एम.ए. : दोन वर्षं शिकून, चौदा महिने वापरून

गेल्या महिन्यात एका कंत्राटी पदाच्या कागदपत्र पडताळणीत माझी पदवी बाजूला काढली गेली. टेबलामागच्या बाईंनी गुणपत्रक दोनदा उलटून पाहिलं आणि विचारलं, "हे नगररचनेचं आहे का?" मी म्हटलं, "शहरी धोरण आणि प्रशासन." त्या म्हणाल्या, "म्हणजे नगररचनेचं नाही." जाहिरातीत स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, नगर नियोजन असं लिहिलं होतं आणि शेवटी 'किंवा समकक्ष'. त्या समकक्षच्या भरवशावर मी इचलकरंजीहून रात्रीची गाडी पकडून गेले होते. बाई वाईट वागल्या नाहीत. विद्यापीठाचं किंवा संस्थेचं पत्र आणा, बघू, म्हणाल्या.

ते पत्र मिळवताना जे झालं त्यामुळे हा अनुभव लिहायला बसले. संस्थेचं नाव लिहीत नाही. या क्षेत्रात चौकशी करणाऱ्यांना चार-पाच नावं माहीतच असतात, अभ्यासक्रम कसा असतो तेही माहीत असतं, त्यामुळे त्यात शिरत नाही.

पत्रासाठी मी तीन मेल केले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत हवी असेल तर शुल्क भरा. भरलं. एकोणचाळिसाव्या दिवशी पत्र आलं, त्यात एक वाक्य : सदर अभ्यासक्रम आंतरविद्याशाखीय स्वरूपाचा आहे. बस. मी कायदा, वित्त, घरं, पाणी, वाहतूक यांचे किती तास केले, क्षेत्रकार्य किती आठवडे केलं, कशाला समकक्ष धरता येईल, काही नाही. तोवर ती जागा भरली गेली होती. आंतरविद्याशाखीय हा शब्द माहितीपत्रकात वाचला तेव्हा मला फार आवडला होता. पडताळणीच्या टेबलावर त्याचा अर्थ 'कुठल्याच रकान्यात न बसणारा' असा होतो, आणि हे संस्थेला माझ्या आधीपासून माहीत असणार. प्रवेशाच्या वेळी कुणीतरी सांगायला हवं होतं. या एका गोष्टीवर माझा राग अजून गेलेला नाही.

संस्थेचं नाव मोठं आहे हे मला कुठून कळलं होतं, तेही सांगते. माझा आतेभाऊ न्यू जर्सीत आहे. तो म्हणाला, अमेरिकेत अशा अभ्यासक्रमांची क्रमवारी असते, तशी आपल्याकडची बघ. मी शोधत बसले. आपल्याकडे एनआयआरएफ ही केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी २०१६ पासून आहे, पण तिच्यात शहरी धोरण असा वेगळा गट नाही. वास्तुकला आणि नियोजन आहे, व्यवस्थापन आहे, विद्यापीठं आहेत. मग अमेरिकेतल्या 'यू.एस. न्यूज' या प्रकाशनाची क्रमवारी कशी करतात ते वाचलं. तिच्यात शहरी धोरणाचा उपविभाग खरोखर आहे, पण तो सगळा मतांवर चालतो. सार्वजनिक धोरण शिकवणाऱ्या संस्थांचे प्रमुख एकमेकांच्या संस्थांना मतं देतात. तिथल्या वर्गात बसलेली मुलगी किंवा तिला कामावर घेणारा अधिकारी यांना कुणी विचारत नाही. तरीही मी त्याच पद्धतीने निवड केली. दोन प्राध्यापकांना विचारलं, दोघांनी एकच नाव घेतलं, मी फॉर्म भरला. माझे अप्पा यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहेत. त्यांनी विचारलं होतं, "तिथून शिकलेली माणसं आता कुठं कामाला आहेत?" मला उत्तर देता आलं नव्हतं. त्या वेळी तो प्रश्न मला जुन्या वळणाचा वाटला होता.

शुल्क, वसतिगृह, खाणावळ, क्षेत्रकार्याचा प्रवास, सगळं मी वहीत लिहीत गेले. दोन वर्षांचे ३ लाख ८६ हजार झाले. त्यातले अडीच लाख कर्ज. आता सांगलीतल्या एका संस्थेत मला महिना चोवीस हजार मिळतात. इथवर लिहून मी पाचात दोन गुण देणार होते, आणि पहिल्या सहा महिन्यांत विचारलं असतं तर एकच दिला असता.

दुसरी तक्रार अभ्यासक्रमाची आहे. जवळजवळ सगळी उदाहरणं मुंबईची. मुंबई महापालिका १८८८ च्या तिच्या स्वतंत्र कायद्यावर चालते. राज्यातल्या बाकीच्या महापालिका १९४९ च्या कायद्यावर आणि नगरपरिषदा १९६५ च्या. आमचं इचलकरंजी २०२२ मध्ये नगरपरिषदेची महापालिका झालं, म्हणजे एका कायद्यातून उचलून दुसऱ्यात ठेवलं गेलं. कर, समित्या, अधिकाऱ्यांची पदं, सगळं बदलतं. असं शहर अभ्यासायला मिळणं ही पर्वणी होती, पण मी विषय मांडला तेव्हा मार्गदर्शकांनी पुन्हा धारावीच सुचवली. पालिकांना घटनेत स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती आम्ही किमान पाच पेपरांत वाचली. पालिकांकडे सोपवायच्या कामांचे, बाराव्या अनुसूचीतले १८ विषय मला अजून पाठ आहेत. पण नगरपरिषदेत मुख्याधिकारी असतो आणि महापालिकेत आयुक्त, तर रोजच्या कामात नेमका काय फरक पडतो, हे मला गावात येऊन विचारावं लागलं.

आता जे चांगलं आहे ते. दुसऱ्या वर्षी महापालिका वित्त असा एक पेपर होता, ऐच्छिक, आम्ही सातच जण. निवृत्त लेखा अधिकारी शिकवायला यायचे. त्यांनी पहिल्या तासाला मुंबईच्या अंदाजपत्रकाचे गठ्ठे टेबलावर ठेवले आणि सांगितलं, भाषण वाचू नका, तक्ते वाचा. शिक्षणाचं 'ई', पाणी आणि मलनिस्सारणाचं 'ग', असं वेगवेगळं. मग प्रत्येक लेखाशीर्षापुढचे, म्हणजे खर्चाच्या एकेका बाबीपुढचे रकाने : गेल्या वर्षी प्रत्यक्ष खर्च किती, चालू वर्षाची मंजूर तरतूद किती, तिचा सुधारित अंदाज किती, पुढच्या वर्षाचा अंदाज किती. तरतूद मोठी आणि सुधारित अंदाज लहान दिसला, की थांबायचं आणि का ते शोधायचं. महसुली, म्हणजे रोजचा खर्च कुठे संपतो आणि भांडवली, म्हणजे नव्या बांधकामांचा कुठे सुरू होतो, हे त्यांनी आमच्याकडून पेन्सिलीने खुणा करून घेतलं. १ जुलै २०१७ ला जकात गेली तेव्हा मुंबईच्या जमेची बाजू कशी बदलली आणि राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर किती अवलंबून राहावं लागलं, हे त्यांनी एका दुपारी फळ्यावर मांडलं. ती दुपार मला तारखेसकट आठवते. दोन वर्षांत खरं हत्यार हातात आलं ते या पंचेचाळीस तासांत.

गेल्या दिवाळीत घरी होते. आमच्या गल्लीतल्या बायकांना एका गटाराच्या कामाबद्दल अर्ज द्यायचा होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू शहराचंच शिकलीयस नव्हं, मग बघ की." मी इचलकरंजी महापालिकेचं अंदाजपत्रक उतरवून घेतलं, ओट्यावर बसून लेखाशीर्ष शोधलं आणि चारही रकाने त्यांना दाखवले. लेखा विभागातल्या कारकुनांनी वीस मिनिटं देऊन आमची एक चूक दुरुस्तही केली; मी दुसऱ्याच निधीचं पान धरून बसले होते. अर्ज चार ओळींचा झाला, आकड्यांसकट. पुढे जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली. प्रचाराला आलेल्या एकाने गटारासाठी मोठी तरतूद करू असं सांगितलं, तर काकूंनी विचारलं, "तरतूद ऱ्हाऊ दे, खर्च किती पडला ते सांगा." मी दारात उभी होते. माझ्या पदवीचा उपयोग झाला असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि तो काकूंच्या तोंडून झाला.

त्याच कारकुनांनी मला विचारलं होतं, "मॅडम, तुमचं काय झालंय? एलजीएसडी?" १९२६ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था पालिकांतल्या माणसांसाठी पदविका चालवते. एलजीएसडी (स्थानिक स्वराज्य सेवेची पदविका), स्वच्छता निरीक्षक ही नावं कुठल्याही पालिकेत पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत माहीत असतात. माझ्या संस्थेचं नाव मुंबईच्या परिसंवादांत वजनदार आहे, सांगलीत आणि इचलकरंजीत ते मला प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं. ज्याला पालिकेत काम करायचंय, त्याने या दोन्ही नावांचं वजन वेगवेगळं करून बघावं. संशोधन, मोठ्या सल्लागार कंपन्या, परदेशातली पीएचडी हवी असेल तर माझ्या संस्थेचं नाव चालतं. माझ्या वर्गातले तिघं तसे गेले आणि ते समाधानी आहेत.

म्हणून आता पाचात साडेतीन. वित्ताचा पेपर ऐच्छिकऐवजी सक्तीचा असता तर चार दिले असते. त्या पत्राचा अर्धा गुण मी परत देणार नाही.

मागच्या आठवड्यात जयसिंगपूरच्या एका मुलीचा फोन आला. तिला याच अभ्यासक्रमाला जायचंय. मी तिला नाव विचारण्याऐवजी तीन कागद मागायला सांगितले : चालू सत्राचं वेळापत्रक, गेल्या वर्षीच्या क्षेत्रकार्याच्या ठिकाणांची यादी आणि मागच्या दोन तुकड्यांतली मुलं सध्या काय करतात त्याची नोंद. तिचा परवा पुन्हा फोन आला. वेळापत्रक मिळालं, यादी मिळाली, नोंद अशी ठेवलेली नाही म्हणाले. वेळापत्रकात वित्ताचा पेपर आहे का, मी विचारलं. आहे, पण शिकवणाऱ्याचं नाव अजून घातलेलं नाही. ते कळेपर्यंत फॉर्मचे पैसे भरू नकोस, असं मी तिला सांगितलंय. मुदत वीस तारखेपर्यंत आहे.