'इबिझातल्या डीजेचा संग्रह' म्हणून माझ्या गळ्यात मारलेल्या बनावट रेकॉर्डी

डीप हाउस (शिकागोच्या हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा संथ, खोल प्रकार) किंवा बॅलेरिक संगीताच्या रेकॉर्डी तुम्ही परदेशातून मागवत असाल, किंवा लंडनच्या मावसभावाकडून, जर्मनीतल्या मैत्रिणीकडून आणवत असाल, तर हा अनुभव तुमच्यासाठी लिहितोय. मी मूळचा पुण्याचा, नोकरीनिमित्त लंडनला असतो. दक्षिण युरोपातल्या एका विक्रेत्याने मला सात रेकॉर्डींचा गठ्ठा 410 युरोंना विकला आणि त्यातली एकही रेकॉर्ड त्याने सांगितलेली निघाली नाही. त्याचं नाव इथे देऊन उपयोग नाही, ते तो बदलत राहतो. पद्धत मात्र तीच राहते. ती नीट सांगतो.

जाहिरातीत हकीकत अशी होती: काका 1980च्या दशकाच्या अखेरीस इबिझाला सॅन अंतोनियोत रेकॉर्डी वाजवायचे, आता ते गेले, घर विकायचंय, म्हणून संग्रह थोडाथोडा काढतोय. हकीकत खोटी, पण तिच्यामागचा इतिहास खरा, आणि तिथेच माणूस फसतो. इबिझा हे स्पेनच्या बॅलेरिक बेटांपैकी एक. तिथल्या ॲम्नेशिया क्लबात अर्जेंटिनाहून आलेला डीजे आल्फ्रेडो रॉक, रेगे, युरोपीय पॉप आणि शिकागोचं नवंकोरं हाउस एकाच रात्रीत वाजवायचा. 1987च्या उन्हाळ्यात डॅनी रॅम्पलिंग, पॉल ओकनफोल्ड वगैरे लंडनची मंडळी तिथे गेली, ते ऐकून भारावून परतली आणि इंग्लंडात हाउसचं वेड पसरलं. पुढे सॅन अंतोनियोच्याच कॅफे देल मारमध्ये होसे पादिया मावळतीच्या वेळी संथ, तरल संगीत लावायचा, त्यावरून संकलनांची एक मालिकाच निघाली. थोडक्यात, बॅलेरिक म्हणजे ठरावीक तालाची शैली नव्हे. ती निवडणाऱ्याची आवड. त्यामुळे अशा गठ्ठ्यात जर्मन सिंथेसायझर, शिकागोचं डीप हाउस आणि इटालियन नाचगाणं शेजारीशेजारी दिसलं तरी खटकत नाही. उलट खरा संग्रह असाच असणार, असं वाटतं.

गठ्ठ्यातल्या दोन मोठ्या गोष्टी म्हणजे जर्मन संगीतकार मॅन्युएल ग्योटशिंगच्या 'ई2-ई4'ची 1984ची पहिली आवृत्ती आणि मिस्टर फिंगर्सच्या 'कॅन यू फील इट'ची 1986ची ट्रॅक्स कंपनीची 12 इंची रेकॉर्ड. पहिली म्हणजे बर्लिनमध्ये डिसेंबर 1981 मध्ये एका बैठकीत वाजवलेला जवळपास तासाभराचा एकच तुकडा. 1989 मध्ये इटलीच्या सुएन्यो लातिनोने त्याच्यावर आपलं प्रसिद्ध गाणं रचलं. दुसरी म्हणजे लॅरी हर्ड नावाच्या शिकागोच्या माणसाने (मिस्टर फिंगर्स तो हाच) रोलंड ज्युनो-60 या सिंथेसायझरवर केलेलं, ज्याला बहुतेक जण डीप हाउसचा पाया मानतात असं काम. या संगीताची आवड असलेल्या कुणाचंही मन या दोन नावांवर अडकणारच.

बोलता बोलता त्याने मी कुठला, हे विचारून घेतलं. भारतातला म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याच्या 'काकांच्या' कपाटातून आणखी एक रेकॉर्ड निघाली: चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट', 1982ची मूळ एचएमव्ही प्रत. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या या माणसाने रोलंडची टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8 ही यंत्रं घेऊन भैरव, यमन असे राग नाचाच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा कुणी दखल घेतली नाही. 2010 मध्ये बॉम्बे कनेक्शन या नेदरलँड्सच्या कंपनीने ती पुन्हा काढली तेव्हा जग चकित झालं, कारण शिकागोचं ॲसिड हाउस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी हा नाद मुंबईत घुमला होता. मूळ प्रत मिळणं महाकठीण. 'ही तुमच्याकडेच जायला हवी,' असं त्याने लिहिलं. पैसे पोचले, आणि लगेच निरोप आला की ती काल दुसऱ्या कुणी नेली, त्याबदल्यात दोन जादा 12 इंची टाकतो. मराठी, भारतीय खरेदीदारांनी हे आमिष ओळखून ठेवावं. आपला अभिमान कशात आहे हे आधी विचारून घेतात, मग नेमकं तेच पुढे धरतात.

पैशाचा भाग थोडक्यात. पेपालवर 'वस्तूची खरेदी' म्हणून पैसे दिले तर 180 दिवसांत तक्रार करता येते. वस्तू वर्णनाप्रमाणे नसली तर पैसे परत मिळू शकतात. 'मित्र व कुटुंबीय' असा पर्याय निवडला की हे संरक्षण जातं. त्याने हाच पर्याय मागितला, कारण दिलं कमिशन वाचवण्याचं, आणि 25 युरो कमी केले. पार्सलवर मात्र त्याने परस्पर आणखी एक काम केलं. 2021 पासून युरोपीय संघातून ब्रिटनला येणाऱ्या मालाला 20 टक्के व्हॅट लागतो. कस्टम्सच्या छोट्या हिरव्या-पांढऱ्या चिठ्ठीवर त्याने 'भेटवस्तू' या चौकटीत खूण केली होती आणि किंमत लिहिली होती 20 युरो. कर वाचवून दिल्याचा आव होता. त्याचा खरा उपयोग मला नंतर कळला.

आता रेकॉर्डींकडे येऊ. पहिली शंका आली ती शांततेमुळे. ट्रॅक्सच्या त्या काळच्या रेकॉर्डी जुन्या रेकॉर्डी वितळवून केलेल्या मालावर छापल्या जायच्या, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सुई टेकली की गाणं सुरू होण्याआधीच खरखर ऐकू येते. माझी प्रत टेकवली तर काहीच नाही. चाळीस वर्षांपूर्वीची, क्लबात वाजवलेली म्हणून विकलेली रेकॉर्ड, आणि तिच्या खोबणीत धुळीचा कण नाही! मग गाणं सुरू झालं आणि हाय-हॅट, म्हणजे ड्रमची झांज, आली. तिची धार गेलेली होती. प्रत्येक ठोक्याच्या मागे एक ओलसर भुरभुर ऐकू येत होती. इंटरनेटवरून उतरवलेल्या, दाबून लहान केलेल्या फाइलवरून रेकॉर्ड कापली की उंच स्वरांचं असंच होतं. खालचा ज्युनोचा बेस मोठा होता, पण खोली भरत नव्हता.

मग भिंग काढलं, सराफ वापरतात तसं दहापट मोठं करणारं. रेकॉर्डच्या मधल्या लेबलवरची बारीक अक्षरं खऱ्या छपाईत सलग शाईची असतात. माझ्या प्रतीवर 'ऑल राइट्स रिझर्व्ड' ही अक्षरंच ठिपक्याठिपक्यांनी बनली होती, म्हणजे जुन्या लेबलचा स्कॅन काढून तो जसाच्या तसा छापलेला. 'ई2-ई4'च्या कव्हरचंही तेच. त्यावरच्या बुद्धिबळाच्या पटाच्या चौकोनांच्या कडा अंधूक, आणि एका कोपऱ्यात मूळ कव्हरला पडलेली घडीसुद्धा छापून आलेली. बोट फिरवलं तर कागद सपाट, डोळ्याला मात्र घडी दिसते. एवढा निर्लज्जपणा!

शेवटचा निकाल रनआउटने दिला. गाणं संपल्यावर लेबलच्या अलीकडे जो चकचकीत मोकळा पट्टा असतो, त्यावर मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला किंवा ठसवलेला असतो. लेबल, कव्हर कुणीही छापू शकतो. पण नवी रेकॉर्ड कापताना हा क्रमांक नव्याने टाकावा लागतो आणि तिथे हात बदलतो. लीड्सला माझा एक मित्र आहे, त्याने ही 12 इंची 1980च्या दशकातच घेतलेली. त्याने तिरप्या उजेडात पट्ट्याचे फोटो काढून पाठवले. अंकांची वळणं वेगळी, अंतर वेगळं, आणि माझ्या प्रतीवर शेवटी दोन जादा अक्षरं. तीच दोन अक्षरं, त्याच वळणाची, माझ्या 'ई2-ई4'वरही होती. एक बर्लिनची 1984ची, एक शिकागोची 1986ची, आणि दोन्ही एकाच हाताने कोरलेल्या!

विक्रेत्याला सगळं लिहिलं, फोटो पाठवले. उत्तर तासाभरात आलं: 'तुम्हाला भेट पाठवली, किंमत 20 युरो, चिठ्ठी तुमच्याकडे आहेच. हवं तर 20 युरो देतो.' त्या हिरव्या-पांढऱ्या चिठ्ठीचा उपयोग हा. पेपालने संरक्षण नाही म्हणून हात वर केले, बँकेने पैसे मी स्वतः पाठवल्याचं सांगितलं, आणि टपालाकडे दावा करावा तर कागदोपत्री मूल्य 20 युरो. त्याने सगळ्या वाटा आधीच बंद केल्या होत्या. हे एका रात्रीत सुचलेलं नाही, हा माणूस हेच करून पोट भरतो.

मला पैशांपेक्षा जास्त राग कशाचा येतो ते सांगायलाच हवं. लॅरी हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी 2020 मध्ये ट्रॅक्सविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. इतकी वर्षं रॉयल्टी मिळाली नाही, हे त्यांचं गाऱ्हाणं. 2022 मध्ये तडजोड झाली आणि गाण्यांचे हक्क त्यांच्याकडे परत आले. ज्या माणसाला स्वतःच्या सुरांसाठी साठी उलटेपर्यंत वाट पाहावी लागली, त्याच्याच नावावर कुणीतरी कारखान्यात पाचशे प्रती काढून विकतं, त्याला छदामही न देता. बॅलेरिकमध्ये हे आणखी सर्रास चालतं, कारण यातली कितीतरी मंडळी स्वतःच्या खर्चाने थोड्या प्रती काढून विस्मरणात गेलेली. त्यांच्याकडून भांडायला कुणी नाही, असं या लोकांनी गृहीत धरलेलं असतं.

नीट केलेलं रीइश्यू, म्हणजे जुन्या रेकॉर्डची परवानगीने काढलेली नवी आवृत्ती, कसं असतं, हे एकदा हातात घेऊन पाहा. ॲमस्टरडॅमच्या म्युझिक फ्रॉम मेमरीने 2014 मध्ये व्हेनिसच्या जीजी मासीनचं 'टॉक टू द सी' काढलं. तोपर्यंत त्याला मोजके संग्राहक सोडून कुणी ओळखत नव्हतं. त्याच शहरातल्या रश अवरने 2010 मध्ये शिकागोच्या व्हर्गोची जुनी रेकॉर्ड परत आणली. अशा प्रतींवर कंपनीचं नाव असतं, परवानगी कुणाकडून घेतली ते छापलेलं असतं, आणि कलाकार स्वतः त्याबद्दल बोलतो. नवीन रीइश्यू घेताना मी आता आधी कलाकाराच्या आणि कंपनीच्या स्वतःच्या पानावर ती दिसते का, हे बघतो. दिसत नसेल आणि विक्रेता 'मर्यादित 300 प्रती, पांढरं लेबल' एवढंच सांगत असेल, तर मी घेत नाही. कुणी जुन्या गाण्याचा एडिट (कापून-जोडून केलेलं नवं रूप) करून तो एडिट म्हणूनच उघडपणे विकत असेल तर तो वेगळा वाद आहे. इथे प्रश्न खोट्या नावाने विकण्याचा आहे.

जुनी प्रत घ्यायची तर रनआउटच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागा, आणि त्या फोटोत तुमचं नाव व आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवायला सांगा. खरा विक्रेता कुरकुर करेल, पण देईल. मला आलेला रनआउटचा फोटो दुसऱ्याच्या जुन्या जाहिरातीतून उचललेला होता, हे नंतर तेच चित्र इंटरनेटवर शोधून कळलं. फोटो आला की डिस्कॉग्सवरच्या (रेकॉर्डींची नोंद आणि खरेदी-विक्री होणारी साइट) त्या आवृत्तीच्या नोंदीशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. मोठ्या साइटांवर अनधिकृत प्रती विकायला बंदी असते, म्हणूनच त्या खऱ्या आवृत्तीच्या नोंदीखाली लावल्या जातात. नोंद खरी आहे म्हणून वस्तू खरी ठरत नाही. भारतात मागवणाऱ्यांना परतीचं टपालच रेकॉर्डीइतकं महाग पडतं, हे या लोकांना पक्कं माहीत असतं, तेव्हा ही तपासणी पैसे देण्याआधीच व्हायला हवी.

आणि पार्सल आलंच असेल तर खोका उघडताना सलग व्हिडिओ करा, कस्टम्सची चिठ्ठी फाडू नका, तिचा फोटो काढा. तिच्यावर 'भेट' लिहिलेलं दिसलं तर रेकॉर्ड ऐकण्याआधीच विक्रेत्याला साइटच्या संदेशपेटीतून लेखी विचारा की किंमत चुकीची का लिहिली. खासगी ॲपवर नको, साइटवरच, कारण तक्रार तपासणाऱ्याला फक्त तिथलं संभाषण दिसतं.